वाजवून घ्यावी अशी वस्तू

आमच्या घराण्यात तंत्रशाळेत नोकरी केलेला मी एकटाच. त्यामुळे जिला म्हणून एखादा स्क्रू आहे अशा कोणत्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द माझा, असा एक संकेत पडून गेला आहे. मेहुणीचा मिक्सर, साडूंचा पंप, शेजारच्या काकूंचे शिलाईयंत्र, सगळ्यांच्या फिर्यादी माझ्याकडे येतात. मीही निकाल देतो. निकाल चुकला तर मंडळी मनातल्या मनात हसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच विचारतात. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, याचे कारण माझे ज्ञान नसून माझी फी हे आहे. ती मी घेत नाही.

या सदराच्या वाचकांना हे सारे ठाऊकच आहे. पण यंदाच्या दिवाळीसाठी जी हकीकत सांगणार आहे, तीत माझा निकाल चुकला तेव्हा कोणी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

गेल्या वर्षी श्रावणात किनवटहून धाकट्या पुतण्याचा फोन आला. "काका, अ‍ॅल्युमिनियमची घेऊ का कार्बनची?"

मला आधी वाटले, कढईबद्दल विचारतो आहे. "अरे, आमटी करायची असेल तर दोन्ही नकोत," असे मी सांगणार, एवढ्यात त्याने खुलासा केला. प्रश्न सायकलचा होता.

हा पुतण्या म्हणजे दादाचा शेंडेफळ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा तांड्यावर, घरापासून अठरा किलोमीटरांवर. सायकलने जातो, सायकलने येतो. त्याचा नाद असा वाढत गेला की, सुट्टीच्या दिवशी इतर मंडळी झोपा काढतात तेव्हा हा माहूरला जाऊन रेणुकादेवीचे दर्शन घेऊन जेवायला घरी परत. शंभरेक किलोमीटरांची ही रपेट त्याच्या हिशेबी पाय मोकळे करणे! पुढे त्याला 'ब्रेव्हे'चे वेड लागले. हा फ्रान्सकडून आलेला प्रकार आहे. यात शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे, बस्स. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत. एका हंगामात चारही पुरी करणाराला 'सुपर रँदोनर' म्हणतात. पुतण्याने आपल्या जाडजूड सायकलवर दोनशे आणि तीनशे पुरी केली होती. सहाशेसाठी त्याला हलकी, रस्त्यावर पळणारी सायकल हवी होती.

पैसे किती, तर लाखाच्या आत. त्यातले निम्मे त्याच्या पगारातून साठवलेले आणि निम्मे वहिनींच्या पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे. वहिनींनी ते घराच्या मागच्या पडवीवर पत्रे टाकायला म्हणून जमवले होते.

"पत्रे पुढच्या वर्षी टाकू, भाऊजी," त्या फोनवर म्हणाल्या. "पण तुम्ही बघून घ्या हो. त्याला कोणी फसवील."

किनवट ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नांदेड जिल्ह्याचा हा पैनगंगाकाठचा डोंगराळ भाग. सागाचे जंगल, बांबूची बेटे, गोंड-कोलामांचे पाडे, बंजाऱ्यांचे तांडे. पलीकडे तेलंगणातले आदिलाबाद. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तोपर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आमच्या लहानपणी मीटरगेजची आगगाडी धापा टाकीत येई आणि तिच्याहून जलद आपण सायकलने जाऊ, अशी पैज दादा मारीत असे. रस्ते तेव्हाही चढउतारांचे होते, आजही आहेत. इस्लापूरकडे, सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे जाताना एखादा तुकडा आरशासारखा गुळगुळीत लागतो आणि पुढच्याच वळणावर खड्ड्यांची रांग स्वागताला उभी असते.

दादाची सायकल लोखंडी, काळी, वीस किलो वजनाची. त्या सायकलवर डबल सीट बसून मी शाळेत गेलो, तिच्याच कॅरिअरवर दळण आले, आणि मला पुढच्या शिक्षणासाठी जेव्हा नांदेडला धाडायचे ठरले तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक तिच्यावरूनच स्टेशनावर गेली. त्या वर्षी दादाने स्वतःचे शिक्षण सोडून एस.टी.त मेकॅनिकची उमेदवारी धरली होती. दोघांना शिकवण्याइतके पैसे घरात नव्हते. हा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मी शिकलो, शिकवू लागलो, पुणेकर झालो. दादा तीस-पस्तीस वर्षे गाड्यांच्या खाली झोपून पाने फिरवीत राहिला.

आता प्रश्नाकडे वळू. अ‍ॅल्युमिनियम की कार्बन?

अ‍ॅल्युमिनियम आपल्या घरातलेच. आमच्याकडे त्याला 'जर्मन' म्हणत. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा. वजनाला लोखंडाच्या एकतृतीयांश. पण ताठपणाही लोखंडाच्या एकतृतीयांशच! मग त्याची सायकल लवचीक होऊन डुलत कशी नाही? यातली युक्ती मोठी सुरेख आहे. नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीच्या नळ्या अशा गलेलठ्ठ दिसतात. शिवाय निव्वळ अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. त्यात मॅग्नेशियम, सिलिकॉन किंवा जस्त मिसळून मिश्रधातू करतात, नळ्यांचे सांधे वेल्डिंगने जोडतात आणि मग सबंध फ्रेम भट्टीतून काढून तिला पुन्हा कणखर करतात.

दोष एकच. पोलादाचा स्वभाव असा की, ताण एका मर्यादेच्या आत असेल तर ते कितीही वेळा सोसते आणि हिशेब ठेवीत नाही. अ‍ॅल्युमिनियम हिशेब ठेवते. प्रत्येक खड्डा, प्रत्येक धक्का त्याच्या खतावणीत जमा होतो. म्हणून कारखानदार ती फ्रेम मुळातच गरजेपेक्षा बळकट करतात आणि ती वर्षानुवर्षे चालते. पण सांध्यापाशी बारीक चीर उमटते का, हे मालकाने अधूनमधून पाहावे लागते.

कार्बनची गोष्ट निराळी. तो धातूच नव्हे. आपण ज्या लोकरीसारख्या धाग्याला अ‍ॅक्रिलिक म्हणतो, त्याच जातीच्या धाग्याला हवा न लागू देता प्रचंड तापवतात. जळण्यासारखे ते निघून जाते आणि कार्बनचा तंतू उरतो. जाडी केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी, आणि ओढून पाहाल तर त्याच वजनाच्या पोलादाला लाजवील. या तंतूंचे कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवतात, दाब देऊन भाजतात, झाली फ्रेम.

आमच्या किनवटच्या बुरुडाला हे मुद्दाम समजावून द्यावे लागणार नाही. बांबू म्हणजे तरी काय? उभे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा निसर्गाचा डिंक. लांबीच्या दिशेने ओढा, दोन माणसे लोंबकळली तरी तुटत नाही. कोयत्याचे पाते तोंडावर ठेवून एक टोला द्या, उभा चिरतो. म्हणूनच बुरूड सूप विणताना कामट्या आडव्या-उभ्या घालतो. कार्बनच्या सायकलीचा कारागीरही तेच करतो. जिथे ताण जास्त तिथे थर जास्त, आणि ज्या दिशेचा ताण त्या दिशेचे तंतू. त्यामुळे एकच नळी उभ्या धक्क्याला थोडी नमती आणि पायाच्या जोराला ताठ अशी घडवता येते. धातूत हे इतक्या बारकाईने साधत नाही.

१९८६ साली ग्रेग लेमाँड या अमेरिकन गड्याने फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत, 'तूर द फ्रान्स', कार्बन फ्रेमच्या सायकलवर जिंकली. तसे करणारा तो पहिला. पुढे १९९८ मध्ये इटलीच्या मार्को पांतानीने अ‍ॅल्युमिनियमवर तीच शर्यत मारली. पण त्यानंतर तिथे कार्बनचेच राज्य झाले. सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की, ६.८ किलोंपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालणार नाही, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेला २००० साली करावा लागला. आपली मराठी माणसेही मागे नाहीत. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही जवळजवळ पावणेपाच हजार किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ यांनी आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. असले पराक्रम वाचून आमच्यासारख्यांचे रक्त गुडघ्यापर्यंत तरी सळसळतेच.

पण मास्तर म्हणून मी फळ्यावर हिशेबही मांडला होता. बऱ्यापैकी कार्बनची फ्रेम किलोच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची दीड किलोच्या. सबंध सायकलीत फार तर किलो-दीड किलोचा फरक. आता स्वार, सायकल, पाणी, हत्यारे मिळून ऐंशी किलो धरा. त्यातला एक किलो कमी केला तर तासाभराच्या खड्या चढावर वाचतात पंचेचाळीस सेकंद. सपाटीवर जवळजवळ काहीच नाही. तिथे भांडण वजनाशी नसून वाऱ्याशी असते. वहिनी पोराबरोबर बेसनाच्या लाडवांचा जो डबा देतात, तोच किलोभराचा! शिवाय अंग दुखणे-न दुखणे हे फ्रेमपेक्षा टायरवर जास्त अवलंबून. तेवीस मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून कार्बनवर बसण्यापेक्षा अठ्ठावीस-तीसचे टायर बेताची हवा भरून अ‍ॅल्युमिनियमवर बसावे, ढुंगण दुवा देते.

एवढा हिशेब ज्याला येतो त्याने काय सल्ला द्यावा? अ‍ॅल्युमिनियमचा. आणि मी काय दिला? कार्बनचा.

वाचकहो, खरे सांगतो, मी भाळलो. पुण्यात एका गृहस्थाकडे तीन वर्षे वापरलेली कार्बनची सायकल विकाऊ असल्याचे कळले. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे. ते पंचाण्णव हजारांत देत होते. मी बघायला गेलो. काळीभोर, चकचकीत, भिंतीला टेकून अशी उभी होती जणू शर्यतीचा घोडा. मी ती दोन बोटांनी उचलली. आयुष्यभर वीस किलोंचे लोखंड जिन्यावरून चढवलेल्या माणसाच्या बोटांवर ती उचलली गेली, तेव्हाच माझा हिशेब फळ्यावरून पुसला गेला. चाके फिरवली, ब्रेक दाबले, गिअर खटाखट बदलून पाहिले. "कधी पडली नाही ना?" असे विचारले. "एकदा भिंतीवरून घसरली होती तेवढीच," ते म्हणाले. माणूस सज्जन वाटला आणि आजही मला तो सज्जनच वाटतो. मी पुतण्याला फोन केला, "डोळे मिटून घे." पैसे दिले, सायकल गोधडीत गुंडाळली आणि खासगी बसच्या डिकीत, पेट्या-गाठोड्यांच्या शेजारी घालून किनवटला रवाना केली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दसऱ्याला, आम्ही उभयता किनवटला गेलो.

दादाच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा म्हणजे पान्यांची पूजा. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी पाने, हातोडी, पक्कड अशी सगळी हत्यारे रॉकेलने पुसून पाटावर ओळीने मांडतो, हळदकुंकू वाहतो. मग वाहनांची पाळी. पुतण्याने आपली सायकल धुऊनपुसून अंगणात आणली. मी अभिमानाने बाजूस उभा. दादा झेंडूची माळ घेऊन वाकला, हँडलला ती बांधली आणि उठता उठता सवयीने नळीवर बोटाच्या पेराने टिचकी मारीत खाली आला. टक्, टक्, टक्.

आणि मग एक आवाज निराळा आला.

दादा थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग पाटावरच्या पूजेतला रुपया उचलून त्याने त्याच्या कडेने नळी वाजवायला सुरुवात केली.

"हितं बद्द वाजायलंय रे," तो म्हणाला.

मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. "दादा, ते लोखंड नाही. कार्बनच्या नळीची जाडी जागोजाग निराळी असते. आवाज बदलणारच."

हे शास्त्र खरे होते. दादाने मान हलवली. मग शांतपणे विचारले, "खालीवर निराळी असंल. पण डाव्या अंगाला अन् उजव्या अंगाला तर सारखीच असंल की न्हाई?"

मी गप्प. त्याने डाव्या अंगाला रुपया वाजवला. टक्. बरोबर त्याच उंचीवर उजव्या अंगाला वाजवला. बद्द. मातीचा माठ घेताना तडा गेलेला जसा बोलतो, तसा.

ती जागा खालच्या तिरप्या नळीवर, पेडलची धुरी बसते तिच्या वीतभर वर होती. तिथे एक नक्षीची चिकटपट्टी लावलेली होती. पुतण्याने ती नखाने सोलली. खाली रंगावर केसाएवढी रेघ. "काका, रंगच फुटला असंल नुसता," तो घाईने म्हणाला. मी अंगठ्याने दाबून पाहिले. रंगच फुटला असता तर खालची नळी दगडासारखी लागली असती. ती किंचित आत गेली. वरून काही दिसत नव्हते आणि आतले थर एकमेकांपासून सुटले होते.

भिंतीवरून घसरली तेव्हा झाले, की बसच्या डिकीत एखादी ट्रंक कोपऱ्याने लागली तेव्हा, हे कोणालाच सांगता येणार नाही. पायाचा जोर, स्वाराचे वजन असल्या ज्या ताणांसाठी कार्बन घडवलेला असतो ते तो वर्षानुवर्षे सोसतो. पण आडवा, टोकदार आघात हे त्याचे मर्म आहे. लोखंडाला पोचा पडतो, ते वाकते, कुरकुरते. अ‍ॅल्युमिनियमला बहुधा आधी चीर पडलेली दिसते. कार्बन मात्र वरून जसाच्या तसा चकचकीत राहतो आणि एके दिवशी एकदम सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुतण्या माहूरला निघणार होता. माहूरगडावरून उतरताना सायकलीला काय वेग येतो हे मला ठाऊक होते, कारण त्यानेच मला मोठ्या कौतुकाने सांगितले होते.

वहिनींनी पाने मांडली. श्रीखंडपुरी होती. कोणाचे लक्ष नव्हते. वहिनी एवढेच म्हणाल्या, "बरं झालं आज कळलं," आणि पदराने उगाच पाट पुसू लागल्या. मला कोणी एक अवाक्षर बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

रात्री आम्ही दोघे ओट्यावर बसलो. सोने लुटून आणलेली आपट्याची पाने कोनाड्यात सुकत होती. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "दादा, माझी चूक झाली."

तो अंधाराकडे पाहत म्हणाला, "तुझी न्हाई. माझी. दोन महिने झाले सायकल येऊन. दारातून आलेली कोणतीबी गाडी मी आजवर वाजवल्याबिगर सोडली न्हाई. पण तू बघून घेतलायस म्हणून मी हात लावला नव्हता."

मला उत्तर सुचले नाही. मला ज्याने शिकवले त्याने माझ्या शिक्षणावर एवढा भरवसा ठेवला की स्वतःच्या कानाला गप्प बसवले. आणि मी त्या शिक्षणाने काय केले होते? चाके फिरवून पाहिली होती.

पुण्यास परतताना ती सायकल मी बरोबर आणली. पुतण्याचे पंचाण्णव हजार त्याला परत केले. दादा 'नको' म्हणाला, मी म्हणालो, "ही माझ्या घेण्याची किंमत आहे, देण्याची नाही." त्या पैशांतून त्याने नवी कोरी अ‍ॅल्युमिनियमची सायकल घेतली. पुढचा चिमटा तेवढा कार्बनचा आहे. हाताला बसणारे बारीक हादरे तो थोडे पितो. टायर अठ्ठावीसचे. वजन साडेनऊ किलो. उरलेल्या पैशांत वहिनींचे पत्रेही पडवीवर चढले.

जी मंडळी घरच्या मुलांसाठी असली सायकल घेण्याच्या विचारात असतील त्यांना माझा निकाल असा. मागच्या अनुभवावरून तो तपासून घ्यावा.

नवी कार्बन चांगल्या दुकानातून, पावती आणि हमीपत्रासह घेण्याची ऐपत असेल, मुलगा शर्यतीत उतरणार असेल आणि गावात तिची जाणकार देखभाल होत असेल, तर खुशाल घ्यावी. वस्तू उत्तम आहे. मात्र तिचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. किती जोराने आवळायचे याचा आकडा त्या भागावरच लिहिलेला असतो, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो तो सायकलीबरोबरच घ्यावा. जुनी कार्बन घ्यायची तर चिकटपट्ट्या काढून, उजेडात, नाण्याने डावीउजवी बाजू पडताळून घ्यावी, आणि आवाजाचा संशय आला तर जाणकाराकडून तपासून घ्यावी, कारण नाणे संशय दाखवते, निकाल देत नाही. जिथे वाट खडबडीत, दुरुस्तीवाला शंभर मैलांवर आणि पैसा पै-पै करून जमवलेला, तिथे अ‍ॅल्युमिनियम घ्यावे, टायर जाड घालावेत आणि दर रविवारी सांधे पुसून पाहावेत. ज्या वस्तूचे दुखणे आपल्याला ओळखता येते ती आपली. फ्रेमचे वजन त्यानंतर.

एक राहिले. ब्रेव्हेचे काय झाले?

जानेवारीत तो पुण्याला आला आणि पहाटे सहाशेवर निघाला; निपाणीच्या पुढे जाऊन परत. चाळीस तासांचा घड्याळाचा पहारा. मी घरी फोन उशाशी घेऊन पडलो. किनवटला दादा ओट्यावर बसून होता, असे वहिनींनी मागाहून सांगितले. आत ये म्हटले तरी येईना. पोरगा मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणाहून बापाला फोन करी. दादा एकच प्रश्न विचारी, "आवाज कसाय?" पोरगा म्हणे, "चांगलाय, बाबा." चेनीचा आवाज, चाकांचा आवाज, हे पोराला वाटले. रात्री अडीच वाजता कऱ्हाडपाशी थंडीने काकडत असतानाही त्याने तेच उत्तर दिले. तेव्हा दादा म्हणाला, "सायकलचा न्हाई. तुझा. बद्द यायलाय. च्या पी अन् तासभर पड."

तो पडला, उठला आणि अडतीस तास वीस मिनिटांत पुण्याला परत आला.

ती कार्बनची सायकल अद्याप माझ्याकडे आहे. पत्ता काढीत काढीत एक कारागीर सापडला. त्याने सुटलेला भाग घासून काढला, नवे थर तंतूंची दिशा साधून बसवले, भाजले, रंगवले. अशी दुरुस्ती नीट झाली तर पक्की होते, हेही मला त्याच्याकडून कळले. आता रविवारी सकाळी मी तिच्यावर बसून खडकवासल्यापर्यंत जातो. निघण्यापूर्वी अंगणात उभा राहून रुपयाने तिला डावीकडून आणि उजवीकडून वाजवतो. शेजारी बघतात. सौभाग्यवती म्हणतात, "अहो, निघा आता. पूजा दसऱ्याला असते."

मी म्हणतो, "आमच्याकडे दर रविवारी असते."